उजवी वायर, डावा कान

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा कान पूर्ण गेला आहे, आणि डाव्याला जवळचंच तेवढं ऐकू येतं. गाडीत ते पुढं, माझ्या डाव्या हाताला बसतात. त्यामुळे आम्ही जे काही बोलतो ते थेट बंद दारावर जाऊन आपटतं. हल्ली कुठं निघालो की म्हणायचे, "तुम्ही जा. मी घरीच बरा." गाडीत पोत्यासारखं बसून राहायचा त्यांना वीट आला होता, हे मला उशिरा कळलं. मला बहुतेक गोष्टी उशिराच कळतात.

म्हटलं, निदान गाणी तरी ऐकू यावीत. त्यांच्या दारातला डावा स्पीकर जोरात वाजवायचा. शहागंजच्या बाजारातून आवाज वाढवणारा एक जुना अँप्लिफायर आणला आणि पार्किंगमध्ये स्वतःच जोडायला बसलो. "मेकॅनिककडं न्या," असं बायको म्हणाली होती. पण ज्यानं एकदा मिक्सरचा प्लग बदललाय, त्याला असलं काही सांगून उपयोग नसतो.

स्टिरिओकडून येणाऱ्या दोन्ही वायरी काळ्या. उजव्या वायरीला बायकोनं खूण म्हणून केसांचं रबर बांधलं आणि दोन्ही वायरी सीटखालून माझ्याकडं सरकवल्या. मी मागं, मान वाकडी करून, पालथा पडलेलो. अँप्लिफायरवरची अक्षरं कधीच पुसली गेलेली.

"रबरवाली उजवीकडच्या भोकात घाला!"

"उजवीकडं म्हणजे नेमकं कुठं?"

"अहो, लिहायच्या हाताकडं! पोरांना शिकवल्यासारखं किती सांगायचं?"

मी ती लिहायच्या हाताकडच्या भोकात घातली. मी डावखुरा आहे. इतक्या वर्षांच्या संसारात त्या क्षणी ती हे विसरली. आणि मीही.

मग अण्णांना कसंबसं तयार करून वैजापूरला त्यांच्या बहिणीकडं निघालो. स्टिरिओवर सगळा आवाज डावीकडं वळवला आणि गाणी लावली. मला खणखणीत ऐकू येत होतं. मला येतंय म्हणजे सगळ्यांना येतंय, असा माझा जुना हिशेब. अण्णाही मान डोलवत होते. मी आरशातून बायकोला भुवया उडवून दाखवल्या.

लासूरला चहाला थांबलो. अण्णांचा ग्लास घेऊन त्यांच्या खिडकीशी गेलो. गाणं चालूच होतं, पण त्यांच्या दारातून हूं नाही की चूं नाही. कान लावून पाहिला. सगळी मैफल माझ्या रिकाम्या सीटसाठी चालली होती.

"अण्णा, गाणी ऐकू येत होती ना?"

"नाय बा."

"मग मान कशाला डोलवत होता?"

"तू डोलवत होतास की."

मागून बायको एकदम म्हणाली, "अगं बाई! लिहायचा हात!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी खिडकीतून हात घालून आवाज उलट्या बाजूला, उजवीकडं फिरवला. अण्णांच्या दारातून गाणं सुरू झालं. चहाचा घोट तोंडातच धरून त्यांनी ते ऐकलं.

"हे असलं गाणं चाललं होतं व्हय मघापासून?"

"का? चांगलं आहे की."

"लई रडतंय ते. बदल."

बदललं. तेही पसंत पडलं नाही. वैजापूर येईपर्यंत त्यांनी एक गाणं धड पूर्ण होऊ दिलं नाही, आणि प्रत्येक गाणं का बंद करायचं हे आम्हाला सविस्तर समजावून सांगितलं.