बाहुल्यांच्या खोलीतले काका

मुलांच्या तातडीच्या विभागाला लागूनच एक खोली होती. शिकाऊ डॉक्टर तिथे रबराच्या बाहुल्यांवर हात बसवायचे. घशात काही अडकलं तर काय करायचं, एवढीशी छाती कशी दाबायची, किती दाबायची. बाहुल्या तीन: एक नुकती जन्मलेली, एक आठ-नऊ महिन्यांची आणि एक पाच वर्षांची. त्यांना पुसायचं, निखळलेले हातपाय बसवायचे आणि संध्याकाळी कपाटात झोपवायचं, हे काम काकांचं. काकांना नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीपुरतं. बाकी सगळं इस्पितळ त्यांना 'बाहुलीवाले काका' म्हणायचं.

घरी मेहुणा आला की पाणी पिण्याआधी विचारायचा, "काय भाऊजी, आज पोरींनी त्रास नाही ना दिला?" बायको पदर तोंडाला लावून आत जायची. काका वर्तमानपत्र जरा उंच धरायचे.

एकदा ते मधलीला, म्हणजे आठ-नऊ महिन्यांच्या बाहुलीला, चादरीत गुंडाळून काखोटीला मारून लिफ्टमधून चालले होते. शेजारच्या बाईंनी चादरीत डोकावत कौतुकानं विचारलं, "किती महिन्यांचं हो?"

"अकरा वर्षं झाली," काका म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. "अगंबाई. अंगच धरलं नाही का?"

"रबराचं आहे."

पुढच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडताच बाई उतरल्या. त्यांना जायचं होतं त्याच्यावरच्या मजल्यावर.

अकरा वर्षं काका प्रत्येक वर्गाला भिंतीला टेकून उभे राहिले. शिकवणाऱ्या मॅडम विभागाच्या प्रमुख. आवाज असा, की पहिल्या रांगेतली मुलं श्वास घ्यायची विसरायची. "पाठीवर बोटांनी काय गुदगुल्या करताय? तळहाताचा खालचा भाग वापरा. डोकं खाली. अजून खाली." काकांना हे सगळं तोंडपाठ झालं होतं, पण त्यांना विचारतो कोण?

त्या दिवशी दुपारी वर्ग संपला आणि काका मधलीला चादरीत गुंडाळून धुवायला घेऊन निघाले. बाहेर बाकांवर नेहमीची गर्दी होती. एक आजोबा दहा महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. थोरल्या नातीचा हात सुजला होता, तिला घेऊन आई आत गेली होती. धाकटा किरकिर करत होता म्हणून आजोबांनी त्याच्या हातात सफरचंदाची फोड दिली होती. काका समोरून जात असतानाच किरकिर थांबली.

आजोबांना बरं वाटलं. काकांना वाटलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. पोराचं तोंड उघडं, आवाज नाही, खोकला नाही, ओठ निळे पडायला लागलेले.

काकांनी मधलीला बाकावर टाकलं आणि आजोबांच्या मांडीवरून पोर उचललं. "डॉक्टरांना बोलाव, पोराच्या घशात अडकलंय," ते दारातल्या पहारेकऱ्याला म्हणाले, खाली बसले, आणि पोराला पालथं हातावर घेतलं.

"अहो, मारताय काय त्याला?" आजोबा उठले.

"पाठीवर मारतोय, दोन खांद्यांच्या मधोमध. एक. दोन. डोकं खाली. अजून खाली." काका स्वतःलाच दटावत होते, तेही मॅडमच्या आवाजात. पाच झाले, काही निघालं नाही. उताणं केलं, छातीवर दोन बोटं, पाच वेळा दाबलं. पुन्हा पालथं. तिसऱ्या फटक्याला फोड बाहेर आली आणि आजोबांच्या चपलेवर पडली. मग पोरानं असं भोकाड पसरलं की अख्खी रांग उभी राहिली.

इकडे एक नवा डॉक्टर धावत आला होता. कामावर चौथाच दिवस. त्याला बाकावर चादरीत पालथं, निपचित पडलेलं बाळ दिसलं. कुणी काही सांगायच्या आत त्यानं ते उचललं, आत नेलं, टेबलावर ठेवलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. मोठ्या सिस्टर ऑक्सिजन घेऊन आल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ही आपली मधली."

खरं पोर मागोमाग आलं, काकांच्या खांद्यावर रडत, त्यांचा सदरा पार ओला करून. मधलीनं अकरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

मॅडमनी पोराला तपासलं, छाती ऐकली, संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवायला सांगितलं. मग काकांकडे वळल्या. "पाठीवर किती?"

"पाच. मग छातीवर पाच, पुन्हा पाठीवर तीन."

"तोंडात आंधळेपणानं बोट घातलं नाही ना?"

"नाही मॅडम. तुम्ही रागावता."

मग मॅडम नव्या डॉक्टरकडे पाहून म्हणाल्या, "तुमचं दाबणं चांगलं होतं. पेशंट निवडताना जरा बघत जा."

काका आपल्या खोलीत येऊन स्टुलावर बसले. सिस्टरनी चहा आणून दिला, त्यातला थोडा बशीत आणि थोडा गुडघ्यावर गेला. दारात आजोबा येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "मी त्याला गप्प करायला दिली होती हो." काका म्हणाले, "बसा," आणि उरलेला चहा त्यांच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी घरी त्यांनी सगळं सांगितलं. मेहुणा हजर होता. तो आज आधी पाणी प्यायला. बायको उठली आणि आतून उशी घेऊन आली.

"दाखवा."

"काय?"

"लेक नातीला घेऊन महिनाभर राहायला येतेय. दिसेल ते तोंडात घालते ती. दाखवा म्हणते ना."

काकांनी दाखवलं. उशी कशी पालथी धरायची, हात कुठे पडला पाहिजे. मग तिनं पदर खोचला आणि मोजून पाच फटके दिले. चौथ्याला शिवण उसवली, पाचव्याला कापूस मेहुण्याच्या मिशीवर जाऊन बसला.

"जोर कमी कर," काका म्हणाले, "पण जागा बरोबर. आता तू ये रे."

मेहुणा मिशी झटकत मुकाट्यानं पुढे सरकला.