प्लासिड अंकल प्रामाणिक झाले तेव्हा

सांडोरचे आमचे प्लासिड अंकल पत्त्यांत लबाडी करताना फादरनाही सोडत नसत. त्यांच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. माणूस पूर्वीसारखा होईल का, ते आत्ताच सांगता येणार नाही."

घरी आल्यावर त्यांची बायको, कॅथरिन आंटी, रोज त्यांच्याशी डाव मांडायच्या. अंकल गुमान, अगदी प्रामाणिकपणे हरायचे. आंटी आत जाऊन डोळे पुसायच्या.

परवा मीही बघत होतो. अंकलनी हळूच एक एक्का उशीखाली सरकवला. आंटींनी ते पाहिलं आणि आनंदाने मलाच मिठी मारली. "मेलरॉय, आला रे माझा चोर परत!"

"बोंबलतेस काय?" अंकल खेकसले. "पान टाक आधी."