दोन तारे कमी

माझं सध्याचं पोस्टिंग आखातात, अल खोर. रँक सिक्युरिटी सुपरवायझर. शत्रू म्हणजे कंपाउंडच्या स्विमिंग पूलमध्ये बूट घालून उतरणारी पोरं. फौजेत एकवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कंपनीच्या स्टोअरमध्ये. त्यामुळे माझ्याकडे पराक्रमाच्या गोष्टी कमी, ब्लँकेटच्या याद्या जास्त. आमची गौरी पाहुण्यांना सांगते, "बाबा फॉट द वॉर विथ ब्लँकेट्स." मी ऐकून घेतो. खोटं नाही ते.

मे महिन्यात एका गुरुवारी ०७३० वाजता वॉल्टर साहेबांनी बोलावलं. ते आमच्या कंपाउंडचे मॅनेजर, अमेरिकन. टेबलावर निळ्या कापडाची एक तिकोनी घडी होती. पहिल्या नजरेत मला तो भला मोठा समोसाच वाटला. बरं झालं, बोललो नाही.

"माझ्या आजोबांच्या शवपेटीवर होता हा झेंडा," साहेब म्हणाले. "लढाईत गेले ते."

मी आपोआप सावधानमध्ये आलो.

महिनाअखेरीला त्यांच्याकडे शहिदांच्या स्मरणाचा दिवस असतो. जुना झेंडा क्लबहाउसच्या भिंतीवर लावायचा होता, फक्त एक कड उसवली होती. आणि अंगणातल्या खांबासाठी नवा हवा होता. परवानगी घेतलेली होती. मागचा झेंडा शमालने, इथल्या धुळीच्या वाऱ्याने, दोन महिन्यांत फाडला होता.

"टिकाऊ आणा," साहेब म्हणाले.

"येस सर."

शुक्रवारी १६०० वाजता मी शहरातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत गफूरचाचांच्या दुकानात पोचलो. चाचा मूळचे खेडचे. शाळांचे, क्लबांचे झेंडे तेच शिवतात. घडी उघडली आणि स्टोअरची खोड जागी झाली. मोजल्याशिवाय मी काही कुणाच्या ताब्यात देत नाही. पट्टे तेरा, बरोबर. तारे मोजले, अठ्ठेचाळीस. परत मोजले. अठ्ठेचाळीस. अमेरिकेचे तारे पन्नास, एवढं मलाही ठाऊक आहे. म्हणजे डेफिशियन्सी दोन.

फौजेत डेफिशियन्सीवर एकच औषध: साहेबाने इन्स्पेक्शन करायच्या आत भरून काढा.

"चाचा, दोन तारे कापा. असेच, सुती."

"हवालदार, झेंड्यावरचे तारे कोण चोरतो हो?"

"जुना आहे. गळाले असतील."

"तारे काय केस आहेत तुमचे?"

पण कापले त्यांनी, दोन, नेटके. सुईत दोरा ओवला, आणि थांबले. "लावू कुठे?"

मी वाकून पाहिलं. सहा ओळी, प्रत्येकीत आठ. मध्ये कुठेही रिकामी जागा नाही. चाचांनी कापड उजेडात धरलं. "सुईचं भोकसुद्धा नाही. इथे तारा कधी नव्हताच, हवालदार."

गौरीला फोन लावला.

"बाबा, नो! डोंट टच इट! तेव्हा फॉर्टी-एट स्टेट्सच होत्या. दोन नंतर जॉइन झाल्या."

 एका शहिदाचा झेंडा मी दुरुस्त करायला निघालो होतो. पुढे गौरीने शिकवणीच घेतली: तारा म्हणजे एक राज्य, तेरा पट्टे पहिल्या तेरांचे, आणि एका जुन्या झेंड्यावर तेरा तारे गोलात, म्हणजे कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. हे फॉल-इनमध्ये आम्हांला कधी जमलं नाही.

चाचांनी उसवलेल्या कडेला तेवढी टीप मारली. मग नवा झेंडा. त्यांनी दोन पुढे टाकले. एक नायलॉनचा: चमकदार, हलका, झुळकीवरही उडणारा. दुसरा जाड विणीच्या पॉलिस्टरचा, दिसायला मठ्ठ, पण जोराच्या वाऱ्यात टिकणारा. मी दुसऱ्याची मोकळी कड चिमटीत धरली. शिलाई दुहेरी होती.

"चार ओळी घाला. कोपऱ्यांना ठिगळ."

"घालतो. टोक उसवलं की झेंड्याचं फडकं व्हायला वेळ लागत नाही. पण घामाघूम का झालात? कापडच आहे शेवटी."

मग मी चाचांना ते सांगितलं. घरी कधी सांगितलं नव्हतं.

उत्तरेतली पोस्ट. मी खाली बेसला, स्टोअरमध्ये. वरच्या पोस्टला झेंडा मीच दिला होता. गठ्ठ्यातला पहिला उचलला आणि दिला, कापड चाचपलं नाही. नऊ दिवसांत रेडिओ आला.

"झेंडा फाटला. नवा पाठवा. ओव्हर."

०६०० वाजता दहा जण निघाले. रॉकेल, पत्रं, आणि नवा झेंडा. ११२० वाजता पुन्हा रेडिओ.

"बर्फ घसरला. गिनती आठ. ओव्हर."

"परत गिना. ओव्हर."

"आठ. ओव्हर."

नाईक धोंडिराम. मोजे नेहमी एक नंबर मोठे मागायचा, आत चिवड्याची पुडी मावते म्हणून. शिपाई अशोक. त्याला नवीन स्लीपिंग बॅग द्यायची राहिली होती. रॉकेल पोचवायला तुकडी जाणारच होती, असं सगळे म्हणाले. खरंच आहे ते. झेंडा संध्याकाळी वर पोचला आणि अर्ध्यावर चढला.

चाचांनी झेंडा मशीनखाली सरकवला. चारऐवजी पाच ओळी घातल्या.

स्मरणाच्या दिवशी नवा झेंडा सकाळी अर्ध्यावर होता. १२०० वाजता वॉल्टर साहेबांनी तो पूर्ण वर नेला. मला वाटलं, चूक झाली. "दुपारपर्यंत गेलेल्यांसाठी," ते म्हणाले, "नंतर राहिलेल्यांनी उचलायचं." वारा चांगलाच होता. कड हलली नाही.

ताऱ्यांची गोष्ट मी कबूल केली. साहेब हसले. मग विचारलं, "ते दोन तारे कुठे आहेत?"

"टाकून दिले, सर."

स्टोअरवाला माणूस काही टाकून देत नाही. ते माझ्या पाकिटात आहेत, आयडीच्या मागे. एकावर बॉलपेनने 'धों' लिहिलंय, दुसऱ्यावर 'अ'.