एवाल्ड टिग्गेसने पुसलेला बिल्ला

एवाल्ड टिग्गेसकडे आता कुणी बिल्ला घेऊन गेलं की तो चष्मासुद्धा लावत नाही. "मला त्यातलं काही कळत नाही," म्हणतो आणि दार लावून घेतो. धडधडीत खोटं बोलतो. दुसऱ्या महायुद्धात जखमी शिपायांना मिळालेला बिल्ला त्याच्याइतका ओळखणारा माणूस जर्मनीतल्या आमच्या साऱ्या झाउअरलांडात नसेल. पण तो असं का वागतो ते मला ठाऊक आहे, कारण जे घडलं ते माझ्याच खानावळीत घडलं. खानावळ आपली म्हणायची. लोक येतात बिअर प्यायला.

आमचं गाव पत्रा ठोकणाऱ्यांचं. बटणं, बकलं, पट्ट्यांचे हूक, आणि लढाईच्या काळात बिल्ले. एवाल्ड ठसे कोरणारा कारागीर. पोलादात चित्र उलटं कोरायचं, म्हणजे पत्र्यावर ते सुलटं उठतं. आयुष्यभर हेच केलं. मग निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली, मूलबाळ नव्हतंच. रिकामे हात स्वस्थ बसेनात, तेव्हा जखमेचे बिल्ले जमवायला लागला.

"दुसरं काही सापडलं नाही का रे तुला?" मी म्हणायची. "टपालाची तिकिटं काय वाईट होती?"

"तिकिटाला वजन नसतं, ट्राउडे. हातात काही आल्यासारखं वाटत नाही."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटलं की माझ्या मागच्या खोलीत हे सगळे जमवणारे जमायचे. बिल्ल्यावर लोखंडी टोप, मागे दोन तलवारी, भोवती पानांचा हार. टोपावर ते वाकडं स्वस्तिक. कायद्याने ते दाखवायची बंदी, म्हणून प्रत्येकाने त्यावर कागदाची गोल टिकली चिकटवायची. टिकली नाही तर बिअर नाही, हा माझा नियम. दोघा-तिघांना टिकलीखालचंच जास्त प्यारं आहे हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा त्यांना मी सरळ दार दाखवलं. एवाल्ड त्यातला नव्हता. त्याला फक्त धातू दिसायचा. कड कशी कापली आहे, पिन कुठे जोडली आहे, रंग भाजून बसवलेला की ब्रशने फासलेला. नाकाशी धरून वास घ्यायचा, चुंबक लावायचा आणि मग भिंग डोळ्याला. लबाड लोक नवे बिल्ले बागेत पुरतात, चहात उकळतात, व्हिनेगरात बुडवतात. ते सगळे प्रकार त्याला तोंडपाठ होते.

सगळ्यांत जुनी लबाडी म्हणजे काळ्याला चंदेरी करायचं. एकदा-दोनदा जखमी झालेल्याला काळा बिल्ला मिळायचा, तीन-चारदा झालेल्याला चंदेरी. चंदेरीला भाव जास्त, म्हणून लबाड काळ्यावर रंग मारतात. असे ढिगाने पाहिल्यामुळे चंदेरीखाली काळं दिसलं की एवाल्डचा निकाल तयार असायचा. पण काहीही झालं तरी बिल्ला पुसायचा नाही, हा त्याचा धर्म होता. पुसणाऱ्याचे हात कलम केले पाहिजेत, असं तो चारचौघांत म्हणायचा.

एका रविवारी गेर्लिंडे श्ट्राक आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, लग्न केलं नव्हतं, अंथरुणाला खिळलेल्या बापाचं, क्लेमेन्सचं, सगळं तीच करायची. तिने रुमालातून एक चंदेरी बिल्ला काढला.

"पप्पांचा आहे," ती म्हणाली. "छातीवर लावूनच मला पुरा म्हणतात. आणि माझा चुलतभाऊ सगळीकडे सांगत फिरतोय की म्हाताऱ्याने नुसत्या बढाया मारल्या, तीनदा कुठलं लागलंय त्याला. तुम्ही फक्त खरा आहे एवढं सांगा हो. म्हणजे त्याचं तोंड बंद होईल."

एवाल्डने बिल्ला उलटसुलट केला. बराच वेळ केला. "रंग मागाहूनचा आहे," तो म्हणाला.

"मागाहूनचा म्हणजे?"

तोवर टेबलाभोवती गर्दी झाली होती. डोर्टमुंडहून आलेला एक जाडा गृहस्थ वाकून बघत म्हणाला, "मला तर बुवा रंग जुना वाटतो. चुकताय तुम्ही, टिग्गेस."

इथेच माशी शिंकली. एवाल्ड चुकला असं त्या खोलीत कधी कुणी म्हटलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. त्याने आपल्या पेटीतून बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि सगळ्यांच्या देखत बिल्ल्यावरून फिरवला. ज्याने आयुष्यभर पुसू नका म्हणून घसा कोरडा केला, त्याने. कापूस राखाडी झाला. खालून काळा बिल्ला निघाला.

"बघा," तो डोर्टमुंडवाल्याला म्हणाला. गेर्लिंडेकडे त्याने पाहिलंही नाही. "काळ्याचा चंदेरी केलाय. बनावट काम."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे क्लेमेन्सने स्वतःच स्वतःला बढती दिली की!" आणि खोली हसली. गेर्लिंडेने बिल्ला परत रुमालात बांधला. "उपकार झाले," म्हणाली, आणि गेली. मला तेव्हा एवाल्डच्या डोक्यावर ट्रे आदळावासा वाटला होता.

त्याच आठवड्यात थेओ राशे काउंटरशी बसला होता. थेओ त्या जमवणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. त्याचा डावा हात लढाईत पूर्वेकडच्या बर्फातच राहिला. शेजारी एवाल्ड. हसण्यावारी न्यायचं म्हणून मीच तो विषय काढला.

"कोणता रे गाढव म्हणाला बनावट?" थेओने विचारलं.

"मी," एवाल्ड म्हणाला.

"मग तूच गाढव. अरे, चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आघाडीवर पायमोजे मिळत नव्हते, चंदेरी बिल्ले कुठून आणणार? कप्तान म्हणायचा, तुला आता चंदेरी लागू झाला. की कोठारवाला यायचा, छातीवरचा काळा काढून घ्यायचा आणि शेगडीच्या नळीला लावायचा चंदेरी रंग त्यावर फासून परत द्यायचा. आमच्या तुकडीत निम्म्यांचे तसलेच होते. माझाही. रंग ओला असतानाच लावला, तर कोटाला डाग पडला."

एवाल्ड बिअर तशीच ठेवून उठला. "उद्या जातो तिच्याकडे," मला म्हणाला.

उद्या गेला नाही. परवाही नाही. कधी म्हणे तिची शाळा असेल, कधी म्हणे म्हातारा झोपला असेल, कधी कंबर धरली.

"लाज वाटते म्हण ना सरळ," मी म्हटलं.

"वाटते," तो म्हणाला. "ट्राउडे, ठसा चुकला तर पोलाद वितळवून दुसरा करता येतो. ते पुसलेलं मी परत कसं आणू? पुन्हा रंग मारला तर बनावट काम करणारा मीच ठरेन." त्याचे डोळे भरून आले होते. "रात्री डोळे मिटले की तो राखाडी कापूस दिसतो."

"मग एवढंच सांगून ये तिला. एका वाक्याचं काम आहे."

"रविवारी जातो. नक्की."

शनिवारी सकाळी चर्चची मोठी घंटा वाजायला लागली. मी बटाटे सोलत होते. बेकरीतली बाई दारातूनच म्हणाली, "क्लेमेन्स श्ट्राक गेला." माझ्या मनात पहिल्यांदा आला तो क्लेमेन्स नव्हे, एवाल्ड.

दफनानंतरची कॉफी माझ्याकडेच होती. लांब टेबलं, बटर केक, हॅमचे पाव. आमच्याकडे या कॉफीला पहिल्या कपापर्यंत सगळे रडवेले असतात आणि तिसऱ्या कपाला हसायला लागतात. ते हसणं सुरू व्हायच्या आत एवाल्ड उठून उभा राहिला. लग्नातला काळा कोट घातला होता, गळ्याशी बटण लागत नव्हतं.

"क्लेमेन्सचा बिल्ला खरा होता," तो म्हणाला. "मी इथेच, सगळ्यांसमोर बनावट म्हणालो. ते चूक होतं. रंग आघाडीवरच मारलेला होता, आणि मी तो पुसला. आणि हे कळल्यावरही मी इतके दिवस आलो नाही. तेव्हा क्लेमेन्स जिवंत होता."

चमचे थांबले. चुलतभाऊ ताटलीत बघत राहिला. सगळे गेर्लिंडेकडे वळले.

"त्याच दिवशी घरी जाऊन मी त्यांना बोलले," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. "म्हटलं, पप्पा, सगळ्यांसमोर माझं हसं झालं, तुम्ही खोटं का सांगितलंत? ते म्हणाले, तो माणूस जाणकार आहे, तो म्हणतो तर तसं असेल. मग भिंतीकडे तोंड केलं. पुरताना छातीवर नको, एवढंच म्हणाले. पुन्हा बिल्ल्याचं नावही काढलं नाही त्यांनी."

"माझी चूक," एवाल्ड पुटपुटला.

"तुमची आहेच. पण बोलले मी ना त्यांना?" ती म्हणाली. "लढाईबद्दल आयुष्यात मी त्यांना एकच विचारलं, कितीदा लागलं. त्यांच्या गोळीने कुणाकुणाला लागलं, ते विचारायची मला कधी छाती झाली नाही. त्यांनीही सांगितलं नाही. जे एवढं एक सांगितलं होतं, तेही मी खोटं ठरवलं."

एवाल्डने खिशातून एक डबी काढली आणि तिच्या कपाशेजारी ठेवली. आत चंदेरी बिल्ला होता. त्याच्या साऱ्या जमवलेल्यातला सर्वांत चांगला, एक ओरखडा नसलेला. डोर्टमुंडवाला त्यासाठी त्याच्या मागे हात धुऊन लागला होता.

"कबरीची माती अजून ओली आहे," तो म्हणाला. "मी उकरतो आणि हा पेटीवर ठेवतो. हा अस्सल आहे. याच्याबद्दल कुणी काही बोलू शकणार नाही."

गेर्लिंडेने डबी उचलली, बिल्ला नीट पाहिला.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

"तुमच्या पप्पांचाच समजा आता."

"तसं नाही हो. हा मिळाला कुणाला होता? कुणाच्या बापाचा आहे हा?"

एवाल्डने तोंड उघडलं. तो बिल्ला कुठल्या शेडमध्ये ठोकला, कुठल्या वर्षी, पत्रा कसला, रंग किती अंशावर भाजला, हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण तो कुणाच्या छातीवर होता, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. मग गेर्लिंडेने डबी मिटली, त्याच्या हातात परत दिली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा," ती म्हणाली. "कॉफी गार होतेय."