रजेच्या अर्जावरची सही

भांडायला मला आवडतं, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. कॉलेजातल्या प्राध्यापक संघटनेनं संस्थेशी बोलणी करायला मला पुढे केलं, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "बिचारी संस्था."

भांडण बढतीच्या नियमाचं होतं. आमच्या सेवाकरारात एक अट होती: बढतीची तारीख येण्याआधी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर कोर्स झालेला हवा. कोर्सला उशीर झाला की बढतीही तितकीच मागे. माझ्या भूगोल विभागात आम्ही दोघीच, मी विभागप्रमुख आणि दुसरी माझी मैत्रीण. तिचा कोर्स तीन वर्षं उशिरा झाला होता. ती तीन वर्षं परत मिळाली तर निवृत्तीआधी ती प्रोफेसर होणार होती, नाहीतर कधीच नाही. कोकणातून येऊन गिरणीत राबलेल्या माणसाची ही मुलगी. आमची मागणी साधी होती. कोर्ससाठी कॉलेजनंच रजा नाकारली असेल, तर बढतीची तारीख सरकवू नका.

घाटकोपरला संस्थेच्या ऑफिसात बैठक झाली. मी तावातावानं बोलले. सचिव शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, रजा नाकारल्याचा एक तरी कागद दाखवा. कलम घालतो."

मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे बघितलं. ती समोरच्या बिस्किटांकडे बघत म्हणाली, "कागद नाही, सर."

जिना उतरताना मी तिच्यावर उखडले. "तीन वर्षं नाही म्हणाले आणि तू एक कागद जपून ठेवला नाहीस? कमाल आहे यार तुझी."

"आहेत ना कागद," ती म्हणाली. पर्समधून तिनं प्लास्टिकची फाइल काढली. रजेचे तीन अर्ज. तिन्हींच्या खाली एकच शेरा: 'परीक्षेची कामे आहेत. पुढील वर्षी पाहू.' त्याखाली विभागप्रमुखाची सही. म्हणजे माझी.

मी हे विसरले होते असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. मला आठवत होतं, फक्त वेगळं आठवत होतं. आपण विभाग किती चोख सांभाळला, असं. त्या तीन वर्षांतल्या मधल्या वर्षी मी स्वतः रिफ्रेशर करून आले होते. तेव्हा माझे तास तिनंच घेतले होते.

"सगळ्यांसमोर हे कसं काढू गं," ती म्हणाली. मग घरातल्यासारखी मालवणीत बोलली, "जावंदे. झालां तां झालां."

मला तिथे जिन्यातच रडू आलं. लाज वाटली म्हणून, आणि ती रागावत का नाही म्हणूनही.

पुढची बैठक आठवड्यानं होती. मुलुंड स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मी ते अर्ज तिच्याकडून मागून घेऊन गेले. सही झाकून शेराच तेवढा काढता येईल का, हाही विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. त्यानं कागद काचेवर ठेवला. "मॅडम, खालचं थोडं कट होतंय, चालेल ना?"

"नाही," मी म्हटलं, "सही पूर्ण येऊ दे."

बैठकीत सचिवांनी चष्मा लावून तिन्ही कागद वाचले. "ही सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे रजा नाकारणाऱ्या तुम्ही, आणि भांडायला आलेल्याही तुम्हीच?"

"हो. म्हणूनच सांगते, चूक तिची नव्हती."

त्यांनी तिन्ही कागद एकावर एक नीट ठेवले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. नवीन करारात आता ते कलम आहे, आणि जुन्या प्रकरणांनाही ते लागू आहे.

पुढच्या महिन्यात प्रोफेसरपदासाठी तिची मुलाखत आहे. परवा तिनं स्टाफरूममध्ये अर्ज माझ्यापुढे सरकवला. विभागप्रमुखाच्या शिफारशीची जागा रिकामी होती.

"परीक्षेची कामं नाहीत ना या वर्षी?" तिनं विचारलं. चेहरा अगदी गंभीर.

मी शिफारस लिहिली, सही केली. मग वेळापत्रक काढलं आणि मुलाखतीच्या दिवशीचे तिचे सगळे तास माझ्या नावावर घेतले.