सही नगं, अंगठा द्या

सत्तरच्या दशकात सांगलीत दुपारचा प्रयोग संपला, की आम्ही कॉलेजच्या पोरी सह्यांसाठी रंगपटाच्या दाराशी झुंबड करायचो. त्या दिवशीची नटी फार मोठी होती. तोंडाचा रंगही न पुसता ती मान खाली घालून भराभर सह्या देत होती. माझ्या वहीतही तिनं तशीच दिली.

माझ्या मागे नऊवारीतली एक बाई होती. पेठेत हळद निवडायला जात असावी, कारण तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. तिनं तिकिटाची कोरी बाजू पुढं धरली. नटीनं पेन टेकवताच ती म्हणाली, "सही नगं, बाई. मला वाचाया येत न्हाई. अंगठा द्या."

आम्ही खिदळलो. नटीनं मात्र मान वर केली. तिकीटवाल्याकडून शिक्क्याचा पॅड मागवला आणि डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवायला गेली.

"आसं न्हाई, फरकाटंल. सैल सोडा. तुमी जोर लावू नगा, मी दाबते."

कचेरीत कारकून त्या बाईचा अंगठा धरत असेल, तसाच तिनं नटीचा धरला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूच टेकवला. घटकेपूर्वी भर दरबारात राजाला गप्प करणारी नटी पहिलीतल्या पोरीसारखी हात सैल सोडून बसली होती.

बाईनं पदरानं तिची शाई पुसली, तिकिटावर फुंकर घातली आणि ती निघून गेली.

शाई गेली, पण नटीच्या अंगठ्याला हळद लागली होती. पुढच्या सगळ्या सह्या करताना तिनं तो हात कशालाच लागू दिला नाही.