मार्था मावशींनी न्हाऊ घातलं तेव्हा

आज सकाळी शेजारच्या अंगणात शिकेकाई उकळत होती. त्या वासाबरोबर मला भरवेलीच्या खाण कॉलनीतलं माझं पहिलं घर आठवलं.

लग्नाला वर्षच झालं होतं. माझं पहिलं बाळ जन्मताच गेलं आणि मी अंथरूण धरलं. नवरा खाणीत कामावर गेला की मी भिंतीकडे तोंड करून पडून राही. केसांच्या जटा झाल्या होत्या.

एका रविवारी उपासना आटोपून आमच्या चर्चमधल्या मार्था मावशी आल्या. आमची ओळख नमस्कारापुरतीच. त्यांनी माझी समजूत घातली नाही की बायबल उघडलं नाही. चूल पेटवली, पाणी तापवलं आणि मला अंगणात बसवून माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. एकेक गुंता त्या बोटांनी सोडवत राहिल्या. ऊन पाणी डोक्यावरून ओघळलं, तशी मी बाळ गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

"मावशी, मले आता प्रार्थनाच येत नाही," मी म्हणाले.

"नाही आली तर नाही आली. तोवर आमी करून राह्यलो ना तुह्यासाठी. डोळे मीट, शिकेकाई झोंबन."

मग रोज चर्चमधली कोणी ना कोणी बाई डबा घेऊन येऊ लागली.

तेव्हा वाटलं, यांना माझी दया आली असेल. आज कळतं, ख्रिस्ताच्या मागे कसं चालायचं, तेच त्या मला शिकवत होत्या.

काही आठवड्यांनी मी आपल्या पायांनी चर्चला गेले. मावशींनी वळून पाहिलं आणि काही न विचारता, सरकून बाकावर माझ्यासाठी जागा केली.